महिला मासिक घेण्याआधी ते असं चाळा

मासिक हातात आलं की मी मुखपृष्ठावर रेंगाळत नाही, थेट अनुक्रमणिका उघडते. सौंदर्य, पाककृती, नातीगोती वगळून काय उरतं ते बघा. बुद्धिबळ, गुंतवणूक किंवा गिर्यारोहणात रमणाऱ्या बाईसाठी एखादं तरी पान आहे का?

मग जाहिराती. क्रीमच्या जाहिरातीसमोरच त्वचेच्या काळजीचा लेख असेल, तर विषय कुठून आला ते कळतंच. अमेरिकेतलं 'मिझ' (Ms.) हे स्त्रीवादी नियतकालिक 1990मध्ये जाहिरातींशिवाय निघू लागलं, ते जाहिरातदारांच्या अशाच दबावाला कंटाळून. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

वाचकांची पत्रं जरूर वाचा. एका अंकावरून मत बनवू नका, जुने दोन-तीन चाळा. तुमचा विषय कुठेच नसेल तर संपादकांना लिहा, नेमका कोणता लेख हवा ते सांगून.