वितरक कंपनीच्या मुलाखतीला जाताय? आधी तिनं कोणता धंदा विकला ते बघा

भुसावळ, जळगाव, धुळ्याकडून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन पुण्या-बंगळुरूला निघालेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. चिपांच्या वितरक कंपनीत, म्हणजे चिप बनवणाऱ्यांचा माल पुढं ग्राहक कंपन्यांना विकणाऱ्या कंपनीत, 'फील्ड ॲप्लिकेशन इंजिनीअर'ची जागा निघाली, की घरचे विचारतात, "म्हणजे गोलाणी मार्केटमधल्यासारखं दुकान का?" नाहीतर, "रिपेरिंग का?" दोन्ही नाही. आपला कृषी केंद्रवाला फवारणीचा सल्ला फुकट देतो आणि कमावतो बाटलीवर, तसंच हे. ग्राहकाच्या सर्किटसाठी चिप सुचवायची, बोर्ड चालू करून द्यायचा. कमाई पुढं हजारोंच्या ऑर्डरीत.

आता खड्डा. मुलाखतीत कंपनीचा इतिहास विचारला आणि मी शिकवणीच्या झेरॉक्स नोट्समधला सांगितला. कंपनीनं कधीच विकून टाकलेला धंदा तिचा म्हणून तोंडभरून सांगत बसलो. कोणी अडवलंसुद्धा नाही! त्या कंपनीचं नाव नको. अ‍ॅव्हनेट या अमेरिकी वितरक कंपनीचं उदाहरण घेतो, तिथं हे स्वच्छ दिसतं.

1921 मध्ये चार्ल्स अ‍ॅव्हनेट यांनी न्यूयॉर्कच्या रेडिओ रो भागात रेडिओचे सुटे भाग विकायला सुरुवात केली. ॲरो इलेक्ट्रॉनिक्स ही दुसरी मोठी वितरक कंपनीही 1935 मध्ये तिथलीच. पुढं वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी तो बाजार पाडला. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि एवढंच पाठ असतं. खरी गोम 2016 नंतर आहे. त्या वर्षी अ‍ॅव्हनेटनं ब्रिटनची वितरक कंपनी प्रीमियर फार्नेल घेतली, म्हणजे तिचा एलिमेंट14 हा ब्रँडसुद्धा. 2017 मध्ये सर्व्हर-स्टोरेजचा मोठा धंदा टेक डेटा या दुसऱ्या वितरकाला विकला. 2018 मध्ये आयओटी, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या, सॉफ्टवेअरवाली सॉफ्टवेब सोल्युशन्स घेतली. टेक डेटा पुढं 2021 मध्ये सिनेक्समध्ये मिसळून टीडी सिनेक्स झाली. म्हणजे जुन्या नोट्समध्ये अ‍ॅव्हनेटच्या नावावर असलेला सर्व्हरचा धंदा आज दोन घरं पुढं गेलाय. अ‍ॅव्हनेटच्या हिशेबात आता दोनच विभाग: इलेक्ट्रॉनिक कॉम्पोनंट्स आणि फार्नेल. तुमची जागा कोणत्या विभागात आहे, हे माहीत नसेल तर सरळ जाऊच नका.

खरेदी लक्षात राहते, विक्री नाही. कारण कंपनी स्वतःच विक्री कोपऱ्यात लिहिते. म्हणून वेबसाइटवरचा 'आमच्याबद्दल' सोडा, वार्षिक अहवाल उघडा. फुकट मिळतो. त्यात विभाग आणि जोखमीचं प्रकरण वाचा, बाकी आकडे चाळले तरी पुरे. शिकवणीला पैसे घालणाऱ्यांची मला कीव येते, पण ते जाऊ द्या.

अजून एक, आणि हे कडू आहे. वितरकाचं घर चिप बनवणाऱ्याच्या मर्जीवर उभं असतं. चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं 2019 मध्ये अ‍ॅव्हनेटसकट वितरक कमी करून ग्राहकांना थेट विकायचं ठरवलं. वर्षानुवर्षं त्याच चिपा सर्किटात बसवून देणाऱ्या इंजिनीअरनं करायचं काय? म्हणून एकाच कंपनीच्या चिपांचे पंडित होऊ नका.

घाबरू मात्र नका. ठिबकचा कंट्रोलर किंवा मोटरीचं पॅनल गावाकडं उघडून पाहिलेलं पोरगं ग्राहकाची अडचण लवकर ओळखतं, हे मी कामावर बघतोय. "काही विचारायचंय का?" म्हणाले, की अलीकडं कोणत्या चिप कंपन्यांची वितरकी आली आणि कोणत्यांची गेली, तेवढं विचारा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, माझं अजून तसंच आहे.