मानेवरची सूज उतरत नाही? कर्करोगाच्या उपचारांनंतर या चुका टाळा

तोंडाच्या, घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगावर ऑपरेशन झालं, रेडिएशन संपलं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हनुवटीखाली मऊ झोळीसारखी सूज लोंबू लागली. सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी. असं असेल तर ती बहुधा लसिकेची सूज, म्हणजे लिम्फेडेमा असते. शरीरातल्या लसिकागाठींपैकी साधारण एक तृतीयांश डोक्यात आणि मानेत असतात. त्यातल्या काही ऑपरेशनमध्ये निघून जातात, उरलेल्या वाहिन्या रेडिएशननंतर तयार होणाऱ्या वणात आवळल्या जातात. पेशींभोवतीचं प्रथिनयुक्त पाणी, म्हणजेच लसिका, मग तिथेच साचतं.

थोडक्यात, अडचण पाणी जास्त झाल्याची नाही, वाट बंद झाल्याची आहे. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

सूज रगडून काढायचा प्रयत्न

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तेल लावून जोर देऊन मालिश केलं की काही मिनिटं बरं वाटतं, पण जोराने चोळल्यावर त्या भागात रक्तप्रवाह वाढतो आणि आणखी पाणी झिरपतं. लसिकेच्या सुरुवातीच्या वाहिन्या त्वचेला अगदी लागून असतात. त्या उघडायला त्वचा हलकीशी ताणावी लागते, स्नायू दाबावे लागत नाहीत. बोटं सपाट ठेवा, त्वचा सरकेल एवढाच दाब द्या, मग हात सैल सोडा. एका हालचालीला दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत. त्वचा लाल झाली किंवा दुखलं तर दाब जास्त होतोय. तेल किंवा क्रीम लावून हे करू नका. बोटं घसरतात आणि त्वचा ताणलीच जात नाही.

थेट सुजेपासून सुरुवात

मोरीचं तोंड तुंबलेलं असताना पाणी लोटत राहिलं तर ते फिरून परत येतं. इथेही तसंच आहे. आधी पुढची वाट मोकळी करायची, सूज शेवटी हाताळायची. थेरपिस्ट साधारण असा क्रम शिकवतात:

1. डोकं उंच ठेवून बसा किंवा टेकून पडा. पोट फुगेल असे पाच सावकाश श्वास घ्या. छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीला याने ओढ मिळते.
2. दोन्ही काखांत सपाट तळव्याने प्रत्येकी दहा हलक्या गोल हालचाली करा.
3. गळपट्टीच्या हाडाखालून छातीवरून काखेकडे, दोन्ही बाजूंना हात न्या.
4. मानेची मागची बाजू आणि कडा, वरून खाली खांद्याकडे.
5. आता हनुवटी, जबडा आणि गाल.
6. मग उलट्या क्रमाने परत मान, छाती, काख. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि त्यामुळे हलवलेलं पाणी मध्येच थांबतं.

मानेवर आडवा वण असेल तर हनुवटीखालचं पाणी सरळ खाली ढकलू नका. वण म्हणजे बांध, पाणी त्यावरून जात नाही. अशा वेळी जबड्याच्या कडेने कानाच्या पुढे, तिथून कानामागे, मग मानेच्या मागून खाली आणि खांद्यावरून काखेकडे असा वळसा घ्यावा लागतो. कोणत्या बाजूच्या गाठी काढल्या आणि फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून बसवलेली ऊती) लावला आहे का, यावर हा मार्ग बदलतो. म्हणून एकदा तरी लिम्फेडेमाचं प्रशिक्षण घेतलेल्या थेरपिस्टकडून आपल्या मानेचा मार्ग आखून घ्या. दुसऱ्या रुग्णाचा व्हिडिओ बघून केलेलं मालिश तुमच्या वणाशी जुळेलच असं नाही.

सुरुवात कधी करायची, हे सर्जनला विचारा. जखम पूर्ण भरलेली हवी आणि रेडिएशनने सोलवटलेली त्वचा बरी झालेली हवी. ताजा जंतुसंसर्ग, शिरेत रक्ताची गुठळी, आटोक्यात नसलेला हृदयविकार किंवा मानेच्या मुख्य धमनीत अडथळा असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मालिश नको.

गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबणं

जबड्याखाली जिथे नाडी लागते तिथे दाब पडला तर ठोके मंदावतात, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. रेडिएशन झालेल्या धमन्यांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. मानेच्या पुढच्या भागावर एका वेळी एकाच बाजूला, तेही हलक्या हाताने काम करा.

पट्टा गळ्याभोवती आवळणं

दाबपट्टा उपयोगी आहे, पण तो हनुवटीखालून वर डोक्याकडे ओढ घेणारा हवा. गळ्याभोवती गोल आवळणारा नको. साधी क्रेप बँडेज गुंडाळणं धोक्याचं आहे. पट्टा लावल्यावर श्वास, गिळणं किंवा बोलणं अडत असेल, चेहरा जड वाटत असेल, तर तो लगेच काढा. सुरुवातीला 15 ते 30 मिनिटं लावा, काढल्यावर त्वचा बघा, मग वेळ वाढवत न्या. वळ बराच वेळ राहिला तर माप चुकलं आहे. श्वासासाठी गळ्यात नळी असेल तर नळीचं तोंड झाकलं जाणार नाही असा पट्टा थेरपिस्टकडूनच बनवून घ्या. घट्ट कॉलर आणि सुजेच्या बाजूच्या खांद्यावर जड पिशवीसुद्धा वाट अडवतात.

उशांचा ढीग

सपाट झोपल्यावर पाणी चेहऱ्याकडे साचतं, म्हणून डोकं उंच हवं हे खरं. पण तीन उशा रचल्या तर मान पुढे मुडपते, हनुवटी छातीला टेकते आणि निचरा उलट अडतो. पलंगाचं डोकं किंवा पाठीपासूनचा सगळा भाग साधारण 30 अंश उचला.

पाणी कमी पिणं, लघवीच्या गोळ्या घेणं

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी काढतात, प्रथिनं मागेच राहतात आणि तीच पुन्हा पाणी ओढतात. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या बंद करू नका, पण सुजेसाठी स्वतःहून सुरू करू नका. पाणी तोडण्याचाही उपयोग नाही. आधीच कोरडं पडलेलं तोंड आणखी कोरडं होतं आणि गिळणं अवघड होतं.

शेक

गरम पाण्याची पिशवी सुजेवर ठेवू नका. उष्णतेने रक्तप्रवाह वाढतो, सूजही वाढते. शिवाय ऑपरेशननंतर मानेची त्वचा बऱ्याचदा बधिर असते, चटका बसतोय हे कळतच नाही. थेट बर्फालाही हेच लागू. दाढीसाठी ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक रेझर वापरा, कारण या त्वचेत साध्या कापल्यातूनही संसर्ग पसरतो.

फक्त बाहेरून दिसतं तेवढंच बघणं

सूज आतही असते, जिभेच्या मुळाशी, घशात, स्वरयंत्राच्या झाकणावर. बाहेरून मान ठीक दिसते, पण घास अडकतो, आवाज घोगरा होतो, खोकला येतो. हे दुर्बिणीनेच कळतं. गिळण्याचे आणि जबड्याचे व्यायाम इथे औषधासारखेच मोलाचे, आणि स्पीच थेरपिस्ट ते शिकवतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का हे अधूनमधून बघत जा. आधी जात होती आणि आता दोनच जातात, तर फायब्रोसिस (ऊती वणासारख्या कडक होणं) वाढत चाललंय. सूज मऊ आहे तोवर ती मागे फिरते. ऊती लाकडासारख्या कडक झाल्या की पुष्कळ कष्ट पडतात.

प्रत्येक सूज लसिकेचीच धरणं

मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतं आणि तेव्हाही चेहरा फुगतो. सोबत थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा. तसाही तो दर 6 ते 12 महिन्यांनी तपासायचा असतो. दिवसभर कमी-जास्त न होणारी, एकाच जागची कडक गाठ कर्करोग तज्ज्ञांना दाखवा. आधी दाखवा, मग मालिश. हात आणि चेहरा एकदम सुजून छातीवरच्या शिरा फुगल्या, तर गुठळी किंवा शिरेवर दाब असू शकतो. लाली, ऊब, ताप म्हणजे संसर्ग, त्यात मालिश आणि पट्टा दोन्ही बंद, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणं, लाळही न गिळता येणं, तोंडातून किंवा मानेतून ताजं रक्त येणं, यांत सकाळची वाट बघू नका. थेट आपत्कालीन विभागात जा.

मोजमाप न ठेवणं

आरशावर विश्वास ठेवू नका, रोज बघितलेला चेहरा बदललेला कळत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, मऊ टेपने मोजा: कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत, कानापुढच्या त्याच उंचवट्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मानेचा घेर वर, मध्ये, खाली. टेप ओढून ताणू नका. समोरून आणि दोन्ही कडांनी, त्याच उजेडात फोटो काढा. सकाळचं माप संध्याकाळच्या मापाशी ताडून बघितलं तर आकड्यांना अर्थ राहत नाही. नियमित मालिश आणि पट्टा असूनही चार आठवड्यांत आकडे हलले नाहीत, तर वही आणि फोटो घेऊन थेरपिस्टकडे जा. बहुतेक वेळा दाब, क्रम किंवा पट्ट्याचं माप यांपैकी एक चुकलेलं निघतं.