गोव्यात शर्यत धावायची तर

पुण्या-बेळगावकडून धावायला येणारी माणसं गोव्यात अंतराला घाबरत नाहीत, पण सहाव्या-सातव्या किलोमीटरला त्यांचा चेहरा लाल होतो आणि पाय जड पडतात. कारण इथली दमट हवा. घाम भरपूर येतो, कोपरावरून टपटप गळतो, पण सुकत नाही. सुकला नाही की अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळू लागते. म्हणून तयारीच्या यादीत पहिलं काम लिहायचं ते हवामानाचं. शर्यतीच्या आधीचे किमान दोन आठवडे सराव उघड्यावर करायचा, तोही शर्यत ज्या वेळी सुटणार त्याच वेळी. अंगाला उकाड्याची सवय व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. एसी जिममधल्या ट्रेडमिलवर कितीही किलोमीटर केले तरी ही सवय होत नाही. इथे राहणाऱ्यांनीही हे विसरू नये, कारण दिवसभर एसी ऑफिसात बसणारा पणजीकरही सकाळच्या उकाड्याला नवखाच असतो.

पावसाळा सरून चतुर्थी उरकली की इथला मोसम सुरू होतो. 2019 साली मिरामारला आयर्नमॅन 70.3 पहिल्यांदा झाली. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं ही तिची मोजणी. वास्कोजवळच्या चिखलीची गोवा रिव्हर मॅरेथॉन ही डिसेंबरातली शर्यत. पण मी लिहितोय ते मुख्यतः पाच आणि दहा किलोमीटरच्या गावच्या धावांसाठी. कुणाच्या उपचारासाठी, कुठल्या शाळेसाठी, एखाद्या आजाराविषयी जागृतीसाठी त्या भरवल्या जातात आणि अर्धे लोक तिथे आयुष्यात पहिल्यांदा धावायला उतरलेले असतात. त्यांची तयारी नीट झाली तर ती पुन्हा येतात, हे मी पाहिलं आहे, आणि मला त्याचंच अप्रूप आहे.

नाव नोंदवण्याआधी दोन प्रश्न आयोजकांना सरळ विचारा. वाटेत पाणी किती किलोमीटरवर आहे आणि रुग्णवाहिका कुठे उभी असेल? धाव मदतीसाठी असेल तर तिसराही विचारा: पैसे कुणाकडे जाणार आणि शुल्कातला किती भाग जाणार? विचारण्यात संकोच कसला? चांगला आयोजक आनंदाने सांगतो. टी-शर्ट, पदक, नाश्ता शुल्कातूनच येतात, त्यामुळे भरलेली सगळी रक्कम देणगी समजू नका. वेगळी देणगी देणार असाल आणि 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती नोंदणी आहे का ते पाहा. रोख दोन हजारांवर गेलात तर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर 80जीचा उपयोगच नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब-मधुमेहाची गोळी चालू असलेल्यांनी, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल अशांनी डॉक्टरांना भेटल्याशिवाय नाव घालू नये. नोंदणीच्या अर्जात आजार लपवू नका. दुसऱ्याच्या नावाचं बिब, म्हणजे शर्टावरचा क्रमांकाचा कागद, लावून धावण्याची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. तुम्ही कोसळलात तर डॉक्टर त्या बिबवरून भलत्याच माणसाची माहिती वाचतील.

बूट नवे नकोत. निदान महिनाभर वापरलेले, पण तळ झिजलेला नसलेले हवेत. पावसात भिजले असतील तर आत वर्तमानपत्राचे गोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात टाकू नका, गोंद सुटतो. मोजे सुती नकोत, ओले झाले की फोड आणतात. काखेत, मांडीच्या आत आणि छातीवर व्हॅसलीन लावा. दमट हवेत कातडी घासून सोलवटते आणि अंघोळीच्या पाण्याने ती झोंबली की कळतं.

रस्ता आधी एकदा चालून बघा. मिरामार ते दोनापावला हा पट्टा सपाट वाटतो, पण दोनापावलाकडे चढ आहे. ते पाय ताजे असताना ठाऊक असलेलं बरं. धाव किनाऱ्यावर असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारचा हिशेब या रविवारी चालत नाही, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी जास्त वर येतं. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू धावायला चांगली. बूट त्यात जेमतेम अर्धा इंच रुततो. भरतीला तेवढीच वाट पाण्याखाली जाते आणि तुम्हाला वरच्या मऊ वाळूत ढकललं जातं, जिथे प्रत्येक पावलाला टाच खोल जाते आणि पोटऱ्या दुखतात. किनारा उतरता असतो, एक पाय सतत खाली राहतो, म्हणून सरावात दोन्ही दिशांनी धावा.

शेवटच्या आठवड्यात धावणं कमी करा. तयारी त्या आठवड्यात वाढत नाही, थकवा वाढतो. शर्यत रविवारी असेल तर झोप मात्र शुक्रवारीच नीट काढा, कारण शनिवारी उत्साहात ती लागत नाही. डिसेंबरात गावात जत्रा, काला, नाटक काहीतरी असतंच, आणि रात्रभर बसायचं की पहाटे धावायचं हे आधीच ठरवून टाका. शनिवारी रात्री शीत, म्हणजे भात, आणि साधी डाळ पुरे. तळलेले मासे, नारळाचं दाट हुमण आणि दारू दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सकाळी सुटण्याच्या दीड-दोन तास आधी केळं, थोडा पाव. नवीन काही खाऊ नका.

रात्रीच बिब टी-शर्टला लावून ठेवा. चार पिना, चारही कोपऱ्यांना, पोटावर. वेळ मोजायची चिप बहुतेक वेळा बिबच्या मागे चिकटलेली असते, तिच्यातून पिन घालू नका आणि बिब घडी करू नका. मागच्या बाजूला पेनाने घरच्या माणसाचा फोन, रक्तगट आणि ॲलर्जी लिहा. पहाटे पहिली कदंब बस मिळेल या भरवशावर राहू नका. चोडण-दिवाडीहून येणाऱ्यांनी फेरीबोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, म्हणून अंधारात चालत जाणार असाल तर टॉर्च आणि हलक्या रंगाचा शर्ट.

पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश, सोबतच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतका. तहान लागेल तेव्हा पाणी प्या, पण प्रत्येक टेबलावर पेला रिकामा करण्याची गरज नाही. फक्त पाणी ढोसल्याने रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर येऊ शकते. तासाहून जास्त धावणार असाल तर ओआरएस ठेवा. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. वेदनाशामक गोळी घेऊन सुटू नका, घाम गाळलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर येते. छातीत दाब आला, घाम अचानक थांबला, अंगावर काटा आला किंवा बोलणं अडखळू लागलं तर तिथेच थांबून सावलीत बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. पदक पुढच्या रविवारी मिळेल.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, शहाळं घ्या, आणि घरी गेल्यावर पेज नि लोणचं पोटाला फार बरं. प्लास्टिकचा पेला वाटेत टाकला असेल तर परत उचलायला जा. नातेवाइकांकडून मदतीसाठी पैसे गोळा केले असतील तर नावं लिहिलेली वही काढून त्याच संध्याकाळी रक्कम जुळवून घ्या. सोमवारी बँकेत भरा, आणि पावती आली की प्रत्येकाला तिचा फोटो पाठवा.