चार पाठकोऱ्या कागदांची वही, आणि तिच्यात काय लिहायचं

पाठकोऱ्या कागदांची एक चळत कुठल्या ना कुठल्या कपाटात साठलेली असते. एका बाजूला काहीतरी छापलेलं, दुसरी बाजू कोरी. टाकवत नाही आणि कामालाही येत नाही. त्यातले चार कागद, एक सुई, हातभर दोरा आणि तासाभराची सवड एवढ्यावर खिशात मावेल अशी शिवलेली वही होते. ती कशी करायची ते आधी सांगते. तिच्यात काय लिहायचं तेही सांगणार आहे, कारण नुसती करून ठेवलेली वही ड्रॉवरमध्ये जाते. माझ्या पहिल्या तीन तशाच गेल्या.

हाताने काही करून बघायचं म्हटलं की लोक एकदम स्वेटर विणायला घेतात. बाही होते, दुसरी होत नाही, आणि लोकरीची पिशवी वर्षभर कपाटातून आपल्याकडे बघत राहते. स्वतः केलेल्या वस्तूवर माणसाची माया का जडते, यावरचे मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन एरिएली या संशोधकांचे प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतः घडवलेल्या कागदी बेडकांना आणि पक्ष्यांना लोक जवळजवळ तज्ज्ञांनी केलेल्या घड्यांइतकी किंमत द्यायला तयार होते, आणि बघणाऱ्या इतरांना मात्र ते चुरगळलेले कागद वाटत होते. त्यातला मला जास्त कामाचा वाटलेला भाग वेगळा आहे: काम अर्धवट राहिलं तर ही माया तयार होत नव्हती. म्हणून पहिली वस्तू एका बैठकीत पुरी होणारी निवडावी. वही होते.

काय लागेल

ए-फोर आकाराचे चार पाठकोरे कागद. कव्हरसाठी थोडा जाड कागद, म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान किंवा फाईलचं कव्हर. सुई, दोरा, मेणबत्तीचा तुकडा, पट्टी, कात्री किंवा कटर. शिवणाचा साधा दोरा बारीक असतो, तो दुहेरी घ्या.

बस. दुकानात जायचं नाही. मी गेले होते. तागाचा दोरा, घडी दाबायची खास पट्टी, तीन रंगांचे जाड कागद असं सगळं आणलं आणि पुढचे दोन महिने ते ‘खराब होईल’ म्हणून वापरलं नाही. साहित्य जमवणं हा वेगळा छंद आहे. चांगला आहे, पण त्यातून वही होत नाही.

कागद निवडताना छापील बाजू एकदा वाचून घ्या. बँकेचं पत्रक किंवा कुणाच्या तपासणीचा अहवाल असला तर तो बाजूला काढा. वही उद्या कुणाच्याही हातात जाईल.

कापणं आणि घडी

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. लांब बाजूच्या मध्यावर तो आडवा कापा, म्हणजे १४८ बाय २१० चे दोन तुकडे होतील. या मापांची गंमत अशी की कागद अर्धा केला तरी त्याचा तोंडवळा बदलत नाही, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. चार कागदांचे आठ तुकडे झाले. कटर वापरत असाल तर एका दणक्यात कापू नका. पट्टी घट्ट धरून तीनचार हलके हात फिरवा.

ए-फोर तसाच दुमडून मोठी वही का करायची नाही, असं विचाराल. करता येते, पण ती उघडी राहत नाही, तोंड मिटत राहते. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने निजलेले असतात आणि बाजारातल्या ए-फोर कागदात ते सहसा लांब बाजूला समांतर असतात. त्यांच्या आडवी घडी घातली की कागद कुरकुरतो, घडीवर बारीक चिरा दिसतात. आधी कापून मग घडी घातली की घडी तंतूंच्या दिशेने जाते आणि पानं शहाण्यासारखी पडून राहतात. खात्री करायची असेल तर तुकडा न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने तो मऊपणे वाकतो, घडी तीच.

आता थोडं लक्ष द्या, कारण पाठकोऱ्या कागदांची खरी युक्ती इथे आहे. चार तुकड्यांची घडी छापील बाजू आत ठेवून घाला, चारांची छापील बाजू बाहेर ठेवून. मग एकात एक बसवा: सगळ्यांत बाहेर छापील-आत, त्याच्यात छापील-बाहेर, पुन्हा छापील-आत, असं आलटून पालटून. सगळे एकाच तऱ्हेने दुमडून कोंबले तर जवळजवळ दर वेळी एक पान कोरं आणि शेजारचं छापील अशी जोडी येते आणि लिहिताना मन लागत नाही. या पद्धतीने दोन कोरी पानं समोरासमोर येतात, मग दोन छापील, मग दोन कोरी. पहिलं पान कोरं, अगदी मधली जोडीही कोरी.

घडी नखाने दाबा, नाहीतर चमच्याच्या पाठीने. गठ्ठा टेबलावर हलकेच आपटून वरच्या कडा जुळवा. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे येतील. येऊ द्या. ती कापून सारखी करायच्या नादात माझी एक वही इतकी बारीक होत गेली की शेवटी तिच्यात फक्त फोन नंबर मावले असते.

कव्हरचा कागदही १४८ बाय २१० चाच कापा. जाड कागद थेट दुमडला की घडी वाकडीतिकडी येते. मध्यावर पट्टी ठेवून संपलेलं बॉलपेन एकदा दाबून ओढा. त्या रेषेवर तो आपोआप नीट दुमडेल.

भोकं आणि शिवण

भोकं सगळ्या कागदांना कव्हरसकट एकदमच पाडायची. मी सुरुवातीला एकेक कागद घेऊन मोजून भोकं पाडली होती, आठ कागदांची आठ वेगळी मतं निघाली.

वहीच्या उंचीएवढी एक चिठ्ठी कापा. तिच्यावर तीन खुणा करा: एक बरोबर मध्यावर, दोन दोन्ही टोकांपासून अडीच सेंटिमीटर आत. ही चिठ्ठी वहीच्या मधल्या घडीत ठेवा. वही काटकोनात उघडी धरा, खाली जुनं जाडजूड पुस्तक उघडून ठेवलंत तर तिला टेकू मिळतो. आता सुई आतून बाहेर, थेट घडीच्या रेषेत घाला. सुई जरा कलली तर बाहेर पाठीवर न निघता कव्हरच्या पोटातून निघते. बोटाला टोचत असेल तर सुईच्या मागे खोडरबर धरा.

दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट लागतो, पण गाठीला हात पुरावा म्हणून मी ४५ सेंटिमीटर घेते. दुहेरी करायचा असेल तर त्याच्या दुप्पट. तो मेणबत्तीवरून दोनतीनदा ओढून घ्या. मेण लागलेला दोरा गुंतत नाही आणि गाठ धरून ठेवतो.

शिवण अशी. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, आत आठेक सेंटिमीटर शेपूट सोडा आणि अंगठ्याखाली दाबून ठेवा. बाहेरून वरच्या भोकात शिरा. आता आत आहात. मधलं भोक ओलांडून सरळ खालच्या भोकापर्यंत जा आणि बाहेर पडा. बाहेरून परत मधल्या भोकात या. आत दोन टोकं असतील आणि त्यांच्यामध्ये एक लांब टाका. एक टोक टाक्याच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला असू द्या.

आता ओढायचं, आणि इथेच बहुतेक वह्या फाटतात. दोरा स्वतःकडे ओढू नका. घडीच्या रेषेत, वर आणि खाली ओढा. स्वतःकडे ओढला की तो करवतीसारखा कागद चिरत येतो. पहिल्या वहीचं मधलं पान मी असंच नाभीपासून खालपर्यंत उसवलं. तणाव बेताचा ठेवा, पाठीवरचा दोरा नखाने उचलला तर जेमतेम हलेल इतका.

मग लांब टाक्याला कवेत घेऊन गाठ मारा: आधी डावं टोक उजव्यावरून, नंतर उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारलेली गाठ हळूहळू सरकते. टोकं दोन सेंटिमीटर ठेवून कापा.

मिटा. उघडा. आणखी दोनदा उघडा. सगळे उघडतात.

आता लिहायचं काय

ही वही छोट्या सुखांची. ‘कृतज्ञता’ हा शब्द मी मुद्दाम टाळते आहे. तो शब्द डोक्यात आला की माणूस घर, तब्येत, नोकरी, आईवडील अशी यादी करतो. पुढच्या आठवड्यात तीच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीच. खोटं त्यात काही नसतं, पण ती हजेरी होते.

इथे इतकी बारीक गोष्ट लिहा की ती दुसऱ्या कुणाच्या वहीत असणार नाही. ‘पाणी भरताना बरं वाटलं’ ही नोंद नव्हे. बाटली भरत येते तसा पाण्याचा आवाज चढत जातो, कारण वरची हवेची पोकळी आखूड होत जाते. न बघता, नुसत्या आवाजावर नळ बरोबर वेळी बंद केला आणि बाटली काठोकाठ भरली होती, ही नोंद. पेन्सिलला टोक करताना साल न तुटता अख्खं निघालं. दोरीवरून काढलेला टॉवेल कडक आणि गरम होता. जमिनीवरचं उन्हाचं चौकोनी कवडसं आज पहिल्यांदा खुर्चीच्या पायापर्यंत पोचलं. ही शेवटची माझ्या वहीत आहे, तारखेसकट, आणि चार आठवड्यांनी त्याच वेळी कवडसं कुठे होतं तेही आहे. ते मी एरवी कधीच पाहिलं नसतं.

रोज लिहू नका. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. सुखाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात चांगल्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजची गोष्ट सवयीची होते आणि सवयीचं काही दिसत नाही. आठवड्यातून एक दिवस, एक पान. कोरी पानं १६ आहेत, म्हणजे वही जेमतेम चार महिने पुरते. मोठ्या वहीचं दडपण येतं ते हिचं येत नाही, तिचा शेवट पहिल्या दिवसापासून दिसत असतो.

एखाद्या आठवड्यात काहीच सापडत नाही. तेव्हा ‘या आठवड्यात काही नाही’ एवढं लिहून तारीख घाला. ओढूनताणून सुख लिहिलं की वहीला ते कळतं. घरात आजारपण असेल, कुणी गेलं असेल, तर महिना दोन महिने वही बंद राहिली तरी चालते. हे औषध नाही.

आणि छापील पानं? ती चिकटवण्यासाठी. पुस्तकांच्या ओझ्याखाली आठ-दहा दिवस वाळवलेलं झाडाचं पान, प्रवासाचं तिकीट, शिवणीतला उरलेला दोरा. काही मी तशीच ठेवते, कारण तुकडे झालेल्या मजकुराला स्वतःची गंमत असते. माझ्या सध्याच्या वहीत कुठल्यातरी यंत्राच्या माहितीपत्रकाचा अर्धा भाग आला आहे. एका पानावर फक्त ‘झाकण घट्ट बसल्याशिवाय’ एवढंच आहे. पुढे काय, ते दुसऱ्या वहीत गेलं.

वही कुणाला दाखवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. एक मात्र होईल: कुणीतरी ती हातात घेऊन म्हणेल, ‘अगं, विकत का नाहीस?’ मला तीनदा विचारलं गेलं आहे. एकदा मी खरंच हिशेब केला, दिवसाला किती होतील, कागद किती लागेल. त्या संध्याकाळी शिवलेल्या वहीचे टाके सगळ्यांत वाकडे आले. आता मी विचारणाऱ्यालाच शिवायला बसवते. त्याच्या वहीची पाठ वाकडी होते, आणि ती तो कुणाला विकत नाही.

पहिल्या पानावर हात धजत नसेल तर मधल्या जोडपानापासून सुरुवात करा. वही तिथे सगळ्यांत सपाट उघडते, गाठही तिथेच असते. वही करताना जे घडलं तेच तिथे लिहा. माझ्या चौथ्या वहीच्या, म्हणजे ड्रॉवरमध्ये न गेलेल्या पहिल्या वहीच्या, मधल्या पानावर असं आहे: ‘शनिवार. सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला. कुणी बघितलं नाही.’