द्राक्षबागेवर कव्हर टाकण्याआधी पर्यावरणाचा हिशेब असा मांडा

अवकाळी आणि गारपिटीला कंटाळलेल्या नाशिकच्या बागायतदाराला आता बागेवर प्लास्टिकचं कव्हर खुणावतंय. पैशांचा हिशेब विक्रेता तोंडपाठ सांगतो. पर्यावरणाचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो, आणि तो अवघड असतो, कारण वस्तू नवी असते, मोजक्याच बागांवर असते आणि मोडीत निघायला अजून वेळ असतो. सातपूरच्या कारखान्यात डिझाइन खात्यात होतो तेव्हा शिकलेली रीत मी आता दिंडोरीजवळच्या माझ्या बागेला लावतो. तिला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात, म्हणजे वस्तू बनण्यापासून मोडीत निघेपर्यंतचा पर्यावरणावरचा सगळा भार मोजणं; आयएसओ १४०४० हे तिचं मानक. आपल्या कामापुरती ती वहीच्या चार पानांत बसते.

आधी मोजमापाचं एकक ठरवा. एकरावर मोजलंत तर कव्हर हमखास हरेल, कारण उघड्या बागेत प्लास्टिक नसतंच. बाग आपण द्राक्षांसाठी करतो, म्हणून विकण्याजोग्या एका किलो द्राक्षामागे किती कार्बन डायऑक्साइड, असं मोजा.

मग वजन काढा. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. कव्हर १२० जीएसएमचं (चौरस मीटरला १२० ग्रॅम) असेल आणि सगळा एकर झाकला, तर सुमारे ४८५ किलो प्लास्टिक झालं. पॉलिथीन बनवताना किलोमागे ढोबळमानाने २ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे ९७० किलो. कव्हर चार वर्षं टिकलं तर वर्षाला सुमारे २५०, दोनच वर्षांत फाटलं तर ५००. लोखंडी सांगाड्याचा वाटा त्याच्या आयुष्याने भागून वेगळा मिळवा; इथे मी तो सोडलाय.

आता खरी गंमत. समजा उघड्या बागेचा डिझेल, खतं, फवारण्या मिळून वर्षाचा कार्बन डायऑक्साइडचा भार एकरी १५०० किलो आहे. (तुमचा आकडा तुमच्या पावत्यांवरून काढा, एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो.) चांगल्या वर्षी १० टन माल निघतो, पावसाने झोडपलं तर ४ टन. भार तेवढाच राहतो, माल घटतो. चारांत एक वर्ष वाईट गेलं तर उघड्या बागेत ३४ टनांवर ६००० किलो, कव्हरखाली चारही वर्षं पूर्ण माल धरला तर ४० टनांवर ७००० (कव्हरचे हजार धरून). भागून बघा, दोन्हीकडे किलोमागे साधारण १७५ ग्रॅम! म्हणजे चार वर्षं टिकणारं कव्हर चारांत एका वाईट वर्षाला बरोबरी साधतं. दोनच वर्षं टिकणाऱ्याला त्यासाठी पाचांत दोन वर्षं वाईट जावी लागतील.

पुतण्या म्हणाला, ‘काका, पण उत्तर काय? टाकायचं की नाही?’ त्याला हेच सांगितलं की पुढे काय होणार हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून एका आकड्याच्या मागे लागू नये. पारडं कुठे फिरतं ती रेघ शोधावी आणि आपण रेघेच्या कुठल्या बाजूला पडू ते आपल्या शिवारातल्या पावसावरून ठरवावं.

कव्हरखाली पानं कोरडी राहतात, डाऊनी (केवडा रोग) कमी, त्याच्या फवारण्याही कमी. पण भुरी रोगाच्या बुरशीला ओल्या पानांची गरज नसते, तिला सावली मानवते. तेव्हा वाचलेल्या फवारण्या मोजताना वाढलेल्याही मोजा. विक्रेत्याच्या पत्रकात पहिलाच आकडा असतो.

यानंतर पसारा वाढवून बघा. नव्या तंत्राची परीक्षा प्रयोगाच्या दोन एकरांवर होत नाही. जिल्ह्यात दहा हजार एकरांवर कव्हर आलं असं धरा. ४८५० टन प्लास्टिक, चार वर्षांचं आयुष्य, म्हणजे दरवर्षी बाराशे टनांहून जास्त फाटकं, गंधक-औषधांनी माखलेलं प्लास्टिक. एका एकराचं भंगारवाला नेईल. एवढं धुऊन वितळवणारे कारखाने जवळपास उभे राहिले तर एक भविष्य, नाही राहिले तर बांधावर काडी. जाळलेल्या दर किलो पॉलिथीनमागे आणखी ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, धुराचं विष वेगळंच. चार वर्षांच्या कव्हरचा सगळा हिशेब जाळण्यासकट पुन्हा करा. वर्षाचा भार २५० वरून सव्वासहाशेवर जातो आणि रेघ चारांत एकावरून थेट दोनांत एका वाईट वर्षाकडे सरकते. माझ्या मते निकाल इथेच लागतो.

विजेवर चालणारं काही असेल, समजा बॅटरीचा ट्रॅक्टर, तर विजेचा आकडा दोन-तीन तऱ्हांनी घाला. आज देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो पडतो. एकलहऱ्यासारखी कोळशाची केंद्रं आहेत तोवर फार खाली येणार नाही. पण ट्रॅक्टर पंधरा वर्षं चालणार, म्हणून ०.५ आणि ०.३ घालूनही बघा. तिन्ही वेळा डिझेलला हरवत असेल तर बिनघोर घ्या.

प्रत्येक आकड्यापुढे तो पावतीवरचा की धरलेला, हे लिहून ठेवा आणि दर वर्षी हंगामानंतरच्या खरड छाटणीला धरलेले आकडे खऱ्यांनी बदला. विक्रेत्याकडून बिलावर दोन गोष्टी लिहून घ्या: टिकण्याची हमी किती वर्षांची, आणि फाटलेलं कव्हर तो परत नेणार का, नेणार तर कोणाच्या भाड्याने.