पुन्हा सुरू झालेल्या फुटबॉल लीगविषयीच्या चाहत्यांच्या प्रतिक्रिया कशा जोखाव्यात

अमेरिकेत एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा हंगाम फेब्रुवारीतल्या सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो आणि पुढचा सप्टेंबरमध्ये सुरू होतो. मधले सहा-सात महिने व्यावसायिक फुटबॉलविना जातात, आणि ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न तिथे वारंवार झाले आहेत. १९८३ ते १९८५ या काळात यूएसएफएल ही लीग खेळली गेली, २००१ मध्ये एक्सएफएल या लीगचा एकच हंगाम झाला, २०१९ मध्ये अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल ही लीग आठ आठवड्यांत थांबली, ८ फेब्रुवारी २०२० रोजी एक्सएफएल नव्या रूपात परतली, आणि २०२२ मध्ये यूएसएफएलचे नावही पुन्हा मैदानात उतरले. अशी लीग परत आली की प्रतिक्रियांचा पूर येतो. कोणी तिला एनएफएलची उद्याची प्रतिस्पर्धी ठरवतो, तर कोणी पहिल्याच रात्री तिचे भवितव्य संपल्याचे सांगतो. या प्रतिक्रियांतून लीगविषयी खरोखर काय कळते आणि काय कळत नाही, हे ठरवण्याची एक पद्धत पुढे मांडली आहे. उदाहरणे मुख्यतः २०२० च्या एक्सएफएलची घेतली आहेत, कारण त्या हंगामाचा शेवट चाहत्यांच्या पसंती-नापसंतीने झाला नाही आणि त्यामुळे तिथला प्रतिसाद बराचसा निर्भेळ स्वरूपात पाहता येतो.

सर्वप्रथम, प्रतिक्रिया देणाऱ्याच्या मनात कोणती जुनी आठवण आहे ते शोधावे. २००१ ची एक्सएफएल ही कुस्तीचे मनोरंजन चालवणाऱ्या व्हिन्स मॅकमेहन यांची कंपनी आणि एनबीसी वाहिनी यांची भागीदारी होती. नाणेफेकीऐवजी दोन खेळाडूंनी चेंडूकडे धाव घ्यायची असा प्रकार तिथे होता, आणि पहिल्याच आठवड्यात त्या धावेत एका खेळाडूचा खांदा दुखावला होता. पाठीवर आडनावाऐवजी ‘ही हेट मी’ असे शब्द लिहिलेली रॉड स्मार्ट यांची जर्सी लोकांच्या लक्षात राहिली. खेळ मात्र फारसा राहिला नाही. पहिल्या रात्री प्रचंड मिळालेला प्रेक्षक काही आठवड्यांत ओसरला आणि एका हंगामानंतर सारे बंद झाले. मालक तेच असल्यामुळे २०२० मध्ये पहिल्या आठवड्यातल्या कितीतरी प्रेक्षकांचा सूर ‘हा तर खरा फुटबॉल आहे’ अशा सुखद आश्चर्याचा होता. हे आश्चर्य प्रामाणिक असले, तरी ते नव्या लीगच्या गुणवत्तेचे मोजमाप नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वीच्या अपेक्षाभंगाशी केलेली ती तुलना आहे. याच्या उलट, आदल्याच वर्षी अलायन्सच्या संघात जीव गुंतवलेल्या चाहत्याने २०२० मध्ये दाखवलेली सावध अलिप्तता हीदेखील नव्या खेळावरची टीका नव्हती. एकदा संघ डोळ्यांदेखत नाहीसा झालेला माणूस दुसऱ्यांदा जर्सी विकत घेताना थांबतो, आणि त्या थांबण्याचा आदर करूनच त्याची प्रतिक्रिया वाचावी.

यानंतर प्रतिक्रिया कशाविषयी आहे ते वेगळे काढावे: नियमांविषयी, खेळाच्या दर्जाविषयी, प्रक्षेपणाविषयी की शहराविषयी. माझ्या मते यांत नियमांविषयीच्या प्रतिक्रिया सर्वांत मोलाच्या असतात. मात्र त्या समजण्यासाठी नियमाची पार्श्वभूमी ठाऊक असावी लागते.

किकऑफचे, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला आणि गुण झाल्यावर चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे पाठवण्याचे, उदाहरण पाहू. जुन्या पद्धतीत एका संघाचे खेळाडू लांबून पूर्ण वेगाने धावत येत आणि चेंडू घेऊन निघालेल्या खेळाडूवर व त्याच्या साथीदारांवर आदळत. दुखापती कमी व्हाव्यात म्हणून एनएफएलने २०११ मध्ये किकची जागा पुढे आणून ३५ यार्डच्या रेषेवर नेली. परिणामी चेंडू सहज एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, किंवा त्याच्याही पलीकडे जाऊ लागला आणि चेंडू परत आणण्याची धाव हळूहळू दुर्मीळ झाली. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये तर एकही किकऑफ परत आणला गेला नाही. २०२० च्या एक्सएफएलने वेगळी मांडणी केली. किक मारणारा आपल्या ३० यार्डच्या रेषेवरून किक मारी, पण त्याचे बाकीचे साथीदार आधीच समोरच्या संघाच्या ३५ यार्डच्या रेषेवर उभे असत आणि प्रतिस्पर्धी त्यांच्यापासून अवघ्या पाच यार्डांवर, ३० च्या रेषेवर. मागे उभा असलेला खेळाडू चेंडू झेलेपर्यंत, किंवा चेंडू जमिनीवर पडून काही क्षण जाईपर्यंत, या दोन्ही रांगांनी हलायचे नाही. लांबची धाव नाहीशी झाल्याने धडक सौम्य झाली आणि चेंडू परत आणण्याचा थरारही टिकला.

पहिल्या दिवशी या दृश्याविषयी आलेल्या प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. काहींना निश्चल उभे असलेले खेळाडू विचित्र वाटले आणि त्यांनी तेवढेच नोंदवले. दुसऱ्यांनी मात्र किती चेंडू परत आणले जात आहेत, चढाई कुठल्या यार्डापासून सुरू होत आहे आणि धडकांचा वेग कसा बदलला आहे, याकडे बोट दाखवले. या दुसऱ्या प्रकाराला नेहमी अधिक वजन द्यावे. २०२४ मध्ये एनएफएलने याच कल्पनेवर आधारलेला किकऑफ स्वीकारला, म्हणजे कारणांसह बोलणाऱ्या त्या चाहत्यांनी चार वर्षे आधी योग्य गोष्ट हेरली होती. नियमावरची प्रतिक्रिया तपासताना म्हणूनच ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ यापाशी थांबू नये. प्रेक्षकाने नियमाचा परिणाम पाहिला आहे की केवळ त्याचे रूप, हे विचारावे.

टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेणे, झाल्यानंतरच्या जादा गुणांच्या नियमाला हीच कसोटी लावावी. एक्सएफएलमध्ये लाथ मारून मिळणारा गुण नव्हता. संघाने २ यार्डवरून एका गुणासाठी, ५ यार्डवरून दोन गुणांसाठी किंवा १० यार्डवरून तीन गुणांसाठी प्रयत्न करायचा असे. टचडाउनचे सहा आणि वरचे तीन मिळून नऊ गुण होत असल्याने नऊ गुणांची पिछाडी एकाच चढाईत भरून निघू शकत असे. ज्या चाहत्यांनी ‘अठरा गुणांनी मागे असूनही सामना जिवंत आहे’ असे म्हटले, त्यांना नियमाचा आशय समजला होता. हा नियम एनएफएलने घेतला नाही. त्यामुळे चाहत्यांची पसंती आणि मोठ्या लीगची स्वीकृती या एकच गोष्टी मानू नयेत. दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवाव्यात.

प्रक्षेपणाविषयीच्या प्रतिक्रियांत एक बाब ठळक आहे. रिप्लेचा निर्णय घेणारा पंच काय पाहतो आहे आणि काय बोलतो आहे, हे प्रेक्षकांना थेट ऐकू येत असे, आणि त्याचे स्वागत करणाऱ्यांत एरवी लीगवर नाराज असलेले लोकही होते. टीकाकारही ज्याची प्रशंसा करतात, ते वैशिष्ट्य स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावे. खेळाडू मैदानाबाहेर येताच त्याच्यासमोर माइक धरण्याच्या प्रथेवर मात्र मते दुभंगली. चूक करून नुकत्याच परतलेल्या खेळाडूला त्या क्षणी प्रश्न विचारणे मला अनुचित वाटते. तरीही त्या मुलाखतींमुळे अनोळखी खेळाडूंचे चेहरे आणि स्वभाव लक्षात राहिले, हे सांगणाऱ्या चाहत्यांचे म्हणणे खरे आहे.

खेळाच्या दर्जाविषयीची तक्रार जवळपास ठरलेली असते: क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारे आणि चेंडू फेकणारे खेळाडू, कमकुवत आहेत आणि त्यांचे रक्षण करणारी फळी ढिसाळ आहे. ही तक्रार नाकारू नये, पण ती कितव्या आठवड्यातली आहे ते पाहावे. आघाडीच्या फळीतल्या पाच जणांना एकमेकांच्या हालचाली अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि नव्याने जमवलेल्या संघाला तोच वेळ मिळालेला नसतो. त्यामुळे पर्यायी लीगमधल्या संघाची तुलना एनएफएलच्या उत्तम संघाशी न करता त्याच्या स्वतःच्या पहिल्या आणि चौथ्या सामन्यांत करावी. २०२० मध्ये ह्यूस्टन रफनेक्सने पाचही सामने जिंकले आणि त्यांचा क्वार्टरबॅक पी. जे. वॉकर याला त्यानंतर कॅरोलायना पँथर्सने करारबद्ध केले. पुढे यूएसएफएलमधल्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सचा किकर (चेंडूला लाथ मारणारा खेळाडू) ब्रँडन ऑब्री २०२३ मध्ये डॅलस काउबॉइजकडे गेला आणि एनएफएलमधले पहिले ३५ फील्ड गोल (गोलखांबांमधून लाथेने मारायचे गोल) त्याने एकही न चुकवता मारले. हंगाम सुरू असतानाच अशा खेळाडूंना ओळखणारे प्रेक्षक दर आठवड्याला तो संघ पाहत होते. एका सामन्यावरून मत देणाऱ्यांपेक्षा त्यांचे मत अधिक विश्वासार्ह मानावे.

आकड्यांकडे वळताना दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या आणि मैदानातली गर्दी यांची गल्लत करू नये. २०२० च्या पहिल्या सामन्यात डीसी डिफेंडर्सने सिएटल ड्रॅगन्सना ३१-१९ असे हरवले आणि तो सामना सरासरी सुमारे ३३ लाख लोकांनी पाहिला. पुढच्या आठवड्यांत संख्या घटत गेली. पहिल्या आठवड्यात कुतूहलाने डोकावणारा प्रेक्षक धरलेला असतो, त्यामुळे घट अटळ असते. उतार कोठे थांबतो आणि सामना कोणत्या वाहिनीवर होता, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

मैदानातल्या गर्दीसाठी शहराचा इतिहास वाचावाच लागतो, आणि यासाठी सेंट लुइससारखे दुसरे उदाहरण नाही. जानेवारी २०१६ मध्ये रॅम्स संघाला लॉस एंजेलिसला जाण्याची परवानगी मिळाली आणि सेंट लुइस एनएफएलविना उरले. चार वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०२० रोजी, एक्सएफएलमधल्या बॅटलहॉक्स या तिथल्या संघाच्या घरच्या पहिल्या सामन्याला २९,५५४ प्रेक्षक आले. ‘का-कॉ’ ही त्यांची आरोळी टीव्हीवरूनही घुमत असे. मधल्या काळात लीग दिवाळखोरीत गेली, तीन वर्षे सामनाच झाला नाही, आणि तरीही मार्च २०२३ मध्ये त्याच मैदानात ३८,३१० लोक जमले. ही गर्दी पाहून ‘पर्यायी लीगला देशभर मागणी आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि ‘ही केवळ रॅम्सच्या मालकांवरची चीड आहे’ असे म्हणून ती बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. चीड एखाद्या दिवसासाठी लोकांना मैदानापर्यंत आणू शकते. तीन वर्षांच्या खंडानंतर आणखी नऊ हजार माणसे वाढली, त्यामागे त्या संघाविषयीचा जिव्हाळा होता. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस परिसरात एनएफएलचे प्रत्येकी दोन संघ असताना तिथल्या रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ सेंट लुइसच्या मापाने लावता येत नाही.

रिकाम्या खुर्च्यांची आणखी एक फसगत २०२२ च्या यूएसएफएलमध्ये दिसते. नियमित हंगामाचे सर्व सामने अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातच खेळवले गेले. त्यामुळे फिलाडेल्फिया किंवा न्यू जर्सी यांचे नाव लावणारे संघ आपल्या चाहत्यांसमोर खेळलेच नाहीत. बर्मिंगहॅमचा संघ मैदानात नसताना स्टँड ओस पडत. तो चाहत्यांचा नकार नव्हता. त्या संघांच्या चाहत्यांना तिथे येण्याची सोयच नव्हती.

चाहत्यांनी स्वतः निर्माण केलेल्या प्रथांना वेगळे वजन द्यावे, कारण त्या कोणत्याही जाहिरातीतून येत नाहीत. वॉशिंग्टनच्या ऑडी फील्ड या डीसी डिफेंडर्सच्या मैदानात प्रेक्षक बिअरचे रिकामे पेले एकमेकांत खोचून भलामोठा साप तयार करत आणि तो हातोहात पुढे सरकवत. २०२३ मध्ये सुरक्षारक्षकांनी तो काढून घेतला तेव्हा नाराज प्रेक्षकांनी मैदानात लिंबे फेकली. वस्तू फेकण्याचे समर्थन करता येत नाही, पण तिथे एक समुदाय जमला होता आणि तो आपल्या जागेवर हक्क सांगत होता, एवढे त्यातून निश्चित कळते.

प्रत्येक प्रतिक्रियेची तारीखही नोंदवावी. १२ मार्च २०२० रोजी कोविडच्या साथीमुळे पाच आठवड्यांनंतर हंगाम थांबला, एप्रिलमध्ये लीगने दिवाळखोरी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये अभिनेते ड्वेन जॉन्सन, त्यांच्या व्यावसायिक भागीदार डॅनी गार्सिया व रेडबर्ड कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांनी ती दीड कोटी डॉलरना विकत घेतली. मार्चनंतरच्या प्रतिक्रियांत हळहळ मिसळलेली आहे, आणि गमावलेली गोष्ट आठवणीत अधिक चांगली भासते. म्हणून दर्जाविषयीचे मत मार्चपूर्वीच्या नोंदींवरून बनवावे, आणि लोकांना किती लळा लागला होता हे मात्र मार्चनंतरच्या नोंदींत शोधावे.

अखेरीस, मोजणीतून गळालेल्या चाहत्यांची दखल घ्यावी. २०२४ मध्ये एक्सएफएल आणि यूएसएफएल यांचे विलीनीकरण होऊन आठ संघांची यूएफएल उभी राहिली, तेव्हा सिएटलचा संघ वगळण्यात आला. २०२० मध्ये ड्रॅगन्स आणि २०२३ मध्ये सी ड्रॅगन्स या नावाने खेळलेल्या या संघाने दुसऱ्या खेपेला दहापैकी सात सामने जिंकून बाद फेरी गाठली होती. यूएफएलच्या प्रेक्षकसंख्येत सिएटलचे हे चाहते दिसणार नाहीत, आणि तिच्या सामन्यांवर ते काही बोलले नाहीत तर त्यांना रस नव्हता असा अर्थ सहज लावला जाईल. विलीन झालेल्या लीगचा प्रतिसाद जोखताना त्यांनी २०२३ च्या हंगामात आणि संघ वगळल्याच्या बातमीनंतर काय म्हटले, तेही उरलेल्या आठ संघांच्या चाहत्यांच्या मतांशेजारी ठेवावे.