प्रीकंडिशनिंगचा प्रयोग फसतोय? या चुका टाळा

प्रीकंडिशनिंग म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा आधी थोडा थोडा वेळ अडवायचा, की पुढच्या मोठ्या अडथळ्यात स्नायू कमी मरतो. दर वर्षी एक तरी विद्यार्थी महिन्याभरात जाहीर करतो, "सर, आपल्या रॅटमध्ये प्रीकंडिशनिंग होतच नाही." होतं बाबा. मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांत दाखवलंय: हृदयाची धमनी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, असं चार वेळा, मग सलग ४० मिनिटं बंद. स्नायू मेला तो नुसत्या ४० मिनिटांवाल्या गटाच्या जेमतेम चौथा हिस्सा.

सगळ्यात जास्त घोळ तापमानाचा. आमच्याकडे एकाने सोळा हृदयं लँगेनडॉर्फवर (शरीराबाहेर काढलेलं हृदय गरम द्रावणावर चालू ठेवणारं उपकरण) लावली आणि प्रीकंडिशनिंगवाला गट नि त्याविना ठेवलेला कंट्रोल, दोन्हींत मेलेल्या स्नायूचा सारखाच आकडा आला. पोराचं तोंड उतरलेलं. मी कंट्रोलचे काप पाहिले. टीटीसी या रंगद्रव्यात जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला फिकट राहतो. इथे कंट्रोलच बहुतेक लाल! त्याच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा कळलं. प्रवाह बंद केला की हृदय उघड्यावर लटकतंय आणि वरून एसीचा झोत. गरम द्रावण थांबलं की हृदय भराभर निवतं, आणि दोन-तीन अंश कमी झाले तरी स्नायू कमी मरतो. मरायलाच काही नाही तर वाचवणार काय? तेव्हापासून मी हृदय ३७ अंशांच्या बफरमध्ये बुडवूनच ठेवायला लावतो आणि तापमान दर मिनिटाला वहीत. वही नाही तर प्रयोग नाही.

दुसरी चूक घाईची, किंवा आळसाची. ५ मिनिटांऐवजी दोनच मिनिटं प्रवाह सोडायचा, नाहीतर जिवंत प्राण्यावर फेऱ्या संपवून जेवायला जायचं. पहिलं संरक्षण तास-दोन तासच टिकतं. दुसरं, जरा कमजोर, साधारण २४ तासांनी उगवतं. मधल्या वेळेत शोधाल तर हाती भोपळा.

धमनी तीन तास बांधू नका, त्याच १९८६ च्या कामात एवढ्या वेळाने फायदा उरला नव्हता.

आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध स्वतःच प्रीकंडिशनिंग करतं. कंट्रोलला तेच देऊन वर रडू नका.

ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध दिलं असेल तर संरक्षण बुडणारच, पेशींतल्या ज्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून संरक्षण मिळतं त्याच ते बंद करतं.

परवा एकाने विचारलं, बीपीचा पट्टा दंडाला आवळून-सोडून बाबांना प्रीकंडिशनिंग घरीच देऊ का? (हाताचा रक्तपुरवठा अडवूनही हृदय वाचेल, अशी ती कल्पना.) हार्ट अटॅकच्या ५,००० हून अधिक रुग्णांवर अँजिओप्लास्टीआधी तेच करून पाहिलं, २०१९ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. म्हटलं, छातीत दुखत असेल तर पट्टा बाजूला ठेव आणि १०८ लाव.